पालथं कार्ड

औषधांच्या दुकानातली माझी नोकरी सुटली तेव्हा मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, “घरात बसून माझं डोकं खाण्यापेक्षा स्टुडिओत येऊन खा.” जावांनी एका छपराखाली राहायचं आणि वर कामही एकाच ठिकाणी करायचं, हे आमच्या नणंदेला काही पटलं नाही. महिन्याभरात दोघी एकमेकींच्या झिंज्या उपटतील, असं तिने फोन करून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. नणंदेची निराशा झाली. मी जाऊबाईंना ताई म्हणायचे, त्या मला दिवसातून दोनदा बावळट म्हणायच्या आणि आमचं छान चाललं होतं.

ताईंचा फोटो स्टुडिओ म्हणजे घड्याळदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत पांढरा पडदा, दोन मोठे दिवे आणि एक लांब लाकडी बाक. गावातली निम्मी माणसं या बाकावर कधी ना कधी पाठ ताठ करून बसून गेली होती. मागच्या खोलीत संगणक, लोखंडी कपाट आणि चहाची शेगडी. जिना चढताना खालच्या दुकानातली टिकटिक ऐकू यायची आणि इतकी घड्याळं असूनही कधी कुठल्या दोघांचं जमलेलं दिसायचं नाही.

फोटो काढणं मला येत नव्हतं. माझ्याकडे कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डांचं खातं आलं. मला वाटलं, यात काय शिकायचंय? नखाएवढं कार्ड, भरलं की काढायचं, दुसरं घालायचं. पण ताईंनी पहिल्याच दिवशी मला समोर बसवलं आणि संध्याकाळपर्यंत उठू दिलं नाही.

कार्ड घेताना त्यावरच्या ठसठशीत आकड्याला भुलायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा. तो आकडा बहुतेक वाचण्याचा वेग सांगतो, आणि कॅमेऱ्याला हवा असतो लिहिण्याचा वेग, जो कोपऱ्यात बारीक अक्षरात असतो. औषधांच्या खोक्यांवरचं बारीक अक्षर वाचण्यात माझं अर्धं आयुष्य गेलेलं, त्यामुळे हे मला मनापासून आवडलं. प्रचंड मोठं कार्ड त्या कधीच घेत नसत. लोक एकाच कार्डात अख्खं लग्न कोंबतात आणि ते कार्ड रुसलं की नवरा-नवरीला तोंड दाखवायची सोय राहत नाही, असं त्या म्हणत. त्यापेक्षा मध्यम कार्डं बरीच ठेवावीत आणि कार्यक्रमाच्या मधेमधे बदलावीत, म्हणजे गेलंच तर थोडकं जाईल. नवीन कार्ड आणलं की ते आधी स्टुडिओतल्या भिंतीच्या फोटोंनी काठोकाठ भरायचं, सगळे फोटो संगणकावर उघडून बघायचे, मगच ते कामाला लावायचं. नकली कार्डं तिथेच पकडली जायची. भिंतीचे इतके फोटो काढून कंटाळा नाही का येत, असं मी एकदा विचारलं. त्यावर ताई म्हणाल्या की माणसांपेक्षा भिंत बरी, डोळे मिटत नाही.

मग डबी. काळ्या रबराची कड असलेली लाल डबी, आत प्रत्येक कार्डाला आपापला कप्पा. रिकामं कार्ड उताणं ठेवायचं, म्हणजे नाव असलेली बाजू वर. भरलेलं कार्ड पालथं, म्हणजे पाठीवरच्या सोनेरी पट्ट्या वर. संध्याकाळी फक्त पालथी कार्डं उघडायची, दोन ठिकाणी उतरवून घ्यायची आणि मगच उताणी करायची. दुसऱ्या दिवशी उताणी कार्डं कॅमेऱ्यात घालून आधी सपशेल पुसायची. कार्यक्रमाच्या गर्दीत काही लिहायला, वाचायला, विचारायला वेळ नसतो. डबी उघडली की एका नजरेत कळलं पाहिजे. आणखी एक नियम होता. काम संपलं की शेवटचं भरलेलं कार्ड काढून कॅमेऱ्यात लगेच रिकामं कार्ड घालायचं. रिकाम्या पोटी कॅमेरा कधी कपाटात ठेवायचा नाही.

मला त्यांचं फार कौतुक वाटायचं, अजूनही वाटतं. इतक्या वर्षांत त्यांचा एकही फोटो हरवला नव्हता. गावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि ताईंना तिचा जो अभिमान होता तो त्यांनी कधी लपवला नाही.

डबीच्या शेवटच्या कप्प्यात एक जुनं कार्ड होतं. इतकं लहान की आजच्या कॅमेऱ्यात त्यावर जेमतेम मूठभर फोटो मावले असते. नावाचा कागद झिजून पांढरा झालेला, एक कोपरा उडालेला. ताईंनी पहिला कॅमेरा कुणाकडून तरी वापरलेला घेतला होता, त्याच्या पोटात ते आलं. त्याला हात लावू नकोस, एवढंच त्या म्हणाल्या. प्रत्येकाची एखादी आठवणीची वस्तू असते. मोठे भावोजी, म्हणजे ताईंचे यजमान, फ्रिज दुरुस्त करतात, पण आमच्या घरात त्यांच्या आईचा बंद पडलेला फ्रिज अजून कपडे ठेवायला वापरतात, त्यामुळे मला या प्रकाराचं नवल वाटलं नाही. कार्ड कायम उताणं असायचं.

मग एका संध्याकाळी, शाळेतल्या कार्यक्रमावरून आल्यावर, मी डबी उघडली तर ते पालथं.

माझ्याच हातून फिरलं असेल असं समजून मी ते उताणं केलं. पुढच्या कामाहून आलो तेव्हा पुन्हा पालथं. डबी मी पट्ट्याने गळ्यात अडकवलेली असायची आणि तिला रबराचं घट्ट झाकण होतं. आत एखादं कार्ड आपोआप कुशीवर वळणं शक्य नव्हतं. मी झाकण लावून डबी कितीतरी वेळ खुळखुळवून पाहिली, एक कार्ड हललं नाही. उंदीर असता तर आवाज आला असता, असा विनोद मी मनातल्या मनात केला. हसू काही आलं नाही.

तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा ताई डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. चष्म्याचा नंबर बदललाय, असं म्हणाल्या होत्या. दुपारची वेळ होती, खिडकीतून ऊन थेट टेबलावर आलं होतं. मी ते कार्ड संगणकाला लावलं.

आत एकच फोटो होता, आदल्या दिवशीचा. पोस्टातले मोठे साहेब निवृत्त झाले, त्या निरोप समारंभाला आम्ही गेलो होतो. फोटोत साहेब एकटे होते. हार गळ्यात तसाच, पाठ सगळ्या गर्दीकडे. त्यांच्या जुन्या खिडकीची छोटी फळी ते दोन्ही हातांनी खाली ओढत होते, झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालावं इतक्या हळू. चेहरा अर्धाच दिसत होता. तो माणूस भाषणात रडला नव्हता, हार घालताना रडला नव्हता. इथे रडत होता.

हा फोटो ताईंनी काढलेला नव्हता. कालचे सगळे फोटो मीच उतरवले होते. मी वेळ ताडून पाहिली. एक कार्ड भरलं त्या क्षणानंतरची आणि दुसऱ्या कार्डावरच्या पहिल्या फोटोच्या आधीची ती वेळ होती. म्हणजे ताई जिन्यापाशी मान खाली घालून कार्ड बदलत होत्या आणि मी त्यांच्यापुढे डबी धरून उभी होते.

मग मला फोटोच्या डाव्या कडेला काहीतरी लाल दिसलं. मी ते मोठं करून पाहिलं. जिना होता. जिन्यापाशी ताईंची वाकलेली मान होती, आणि माझ्या हातातली डबी.

ताई परत आल्या तेव्हा मी चहा करून ठेवला होता आणि कार्ड टेबलावर तसंच पडलेलं होतं. त्यांनी ते पाहिलं, पर्स खुंटीला लावली आणि सावकाश बसल्या. मला वाटलं होतं, आता बोलणी बसणार.

“उघडलंस ना?” त्या म्हणाल्या. “बरं झालं. एकटीने किती दिवस सांभाळायचं.”

त्यांनी जे सांगितलं ते अगदी साध्या शब्दांत, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. कॅमेऱ्यात कार्ड नसतं तेवढ्या वेळातलं ते असतं. प्रत्येक वेळी नाही, पण बहुतेक वेळा. पहिल्यापासूनच असं आहे. कार्ड घरी ठेवून पाहिलं होतं. पण मग कार्ड बदलायच्या वेळात समोर काही घडायचंच नाही, माणसं नुसती थांबल्यासारखी उभी राहायची, आणि ते बघवायचं नाही. म्हणून पुन्हा डबीत ठेवलं.

“कोण काढतं?” मी विचारलं.

“मी नाही. तेवढं मला नक्की माहीत आहे.”

“तुम्हाला भीती नाही वाटत?”

“इतकं चांगलं काम करणाऱ्याची भीती कशी वाटेल? हेवा वाटतो कधीकधी,” त्या म्हणाल्या. आणि त्यांनी तो फोटो माझ्यासमोर पुसून टाकला.

मी अक्षरशः कपाळाला हात लावला. असा फोटो, आणि पुसायचा! पण ताईंचं ठरलेलं होतं. जो फोटो आपण काढला नाही तो आपल्या नावावर द्यायचा नाही, मग तो कितीही सुंदर असो. आता तर त्या बघतही नसत. कामावरून आलं की न उघडता पुसायचा आणि कार्ड उताणं करायचं. मी मधे ते उताणं करून ठेवलं तेव्हाही त्यांनी मागाहून पुसलंच होतं. इतक्या वर्षांत काय काय पुसलं गेलं असेल या विचाराने मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. आणि तरी मनातून वाटलं की बाई खरी आहे. माझ्या हातात असतं तर मी ते सगळे फोटो भिंतीवर टांगून खाली मोठ्या अक्षरात स्वतःचं नाव घातलं असतं.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. ताई कार्ड बदलायला लागल्या की मी डबी धरायचे पण मान वर ठेवायचे. कधीच काही दिसलं नाही. फक्त समोरच्या माणसांतलं कुणीतरी एक, दर वेळी वेगळं, क्षणभर आमच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघायचं आणि त्याचा चेहरा सैल पडायचा.

बेकरीवाल्याच्या आईचा वाढदिवस आला तो याच सुमारास. म्हातारी गावात प्रसिद्ध होती. बेकरीच्या मागच्या अंगणात एक बाक होता आणि तिच्या नवऱ्याच्या पश्चात तिने त्या बाकावर कुणाला जागा दिली नव्हती. ती बरोबर मधोमध बसायची, दोन्ही बाजूंना पदर आणि पिशवी पसरून. पोरं, सुना, जावई, नातवंडं, सगळ्यांनी उभ्यानेच बोलायचं. फोटोचं तिला वावडं होतं. बेकरीवाला आम्हाला आधीच सांगून गेला होता की आईचा एकही धड फोटो घरात नाही, सगळ्यांत तिने तोंड फिरवलंय, यंदा सगळी भावंडं जमतायत तर काहीही करा पण तिचा एक चांगला फोटो काढा.

ताई दुपारभर तिच्या मागे होत्या. त्यांनी तिला लाडीगोडी लावली, तिच्याशी भांडल्या, पावाचा भाव विचारला, शेवटी फोटोचा नाद सोडल्यासारखं दाखवत पाठ करून उभ्या राहिल्या. म्हातारी वळली आणि हसली. हाताची घडी सोडली नाही, कॅमेऱ्याकडे बघितलं नाही, पण हसली. पाचही भावंडं मागे उभी होती. ताईंनी वळून धडाधड फोटो काढले आणि मग कार्ड भरलं. आम्ही शेवग्याच्या सावलीत सरकलो. मी डबी उघडून धरली. नेमका तेव्हा भट्टीकडून कुणीतरी हाक मारली म्हणून माझं लक्ष गेलं, आणि ताईंनी भरलेलं कार्ड स्वतःच कप्प्यात ठेवलं.

त्यांनी ते उताणं ठेवलं.

त्या संध्याकाळी ताईंचं डोकं भयंकर दुखत होतं. पालथी कार्डं तेवढी उतरवून घे, बाकी उद्या बघू, म्हणून त्या घरी जाऊन पडल्या. जुनं कार्डही पालथं होतं. ते त्यांचं काम, म्हणून मी त्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शाळेत वर्गांचे फोटो होते. मी नियमाप्रमाणे उताणी कार्डं दिली, ताईंनी नियमाप्रमाणे ती पुसली आणि काठोकाठ भरली.

फोटोंचे क्रमांक मधे तुटलेत हे मला त्यानंतर कळलं. वाढदिवसाची मधली अख्खी तुकडी गायब. हरवलेले फोटो परत काढायची जी काही साधनं असतात ती मी सगळी चालवून पाहिली. प्रत्येक वेळी तीच चौथीच्या वर्गाची दात पडलेली पोरं वर यायची.

ताई माझ्या मागे उभ्या होत्या. मी त्यांना म्हटलं की डबी माझ्या हातात होती, चूक माझी. त्या नाही म्हणाल्या. त्यांनी दोन कार्डं उचलली, एक उताणं, एक पालथं, आणि डोळ्यांसमोर धरली.

“मला मधलं दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “कडेचं सगळं दिसतं. समोर ज्याच्याकडे बघावं तिथेच डाग.”

डोळ्याचा पडदा मधोमध खराब होत चालला होता. चष्म्याचा नंबर वगैरे काही नव्हतं. कॅमेऱ्याला आपोआप नेम धरता येतो, त्यावर त्या गेले कित्येक महिने निभावून नेत होत्या, डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघून. आणि तरीही ते फोटो तसे यायचे. मी तिथेच रडायला लागले. त्यांनी मला बावळट म्हटलं.

आपण जाऊन सांगू आणि म्हातारीचे फोटो पुन्हा काढू, असं आमचं ठरलं. बेकरी बंद असते त्या दिवशी जायचं होतं. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी खालचा घड्याळजी वर आला आणि म्हणाला की बेकरीवाल्याची आई गेली, झोपेतच गेली.

चार-पाच दिवसांनी बेकरीवाला आला. बाकावर बसला, टोपी मांडीवर ठेवली. मोठा धिप्पाड माणूस, पण त्या दिवशी बाकाचा कोपराही त्याला पुरला. ताईंनी त्याला पाणी दिलं आणि पुढे उभं राहून सरळ सांगितलं की आईचे फोटो माझ्या हातून पुसले गेले. डोळ्यांचंही सांगितलं. काही हातचं राखलं नाही. इतक्या वर्षांचं नाव एका वाक्यात गेलं आणि त्यांचा आवाज हलला नाही.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने मांडीवरची टोपी फिरवली. मग म्हणाला, “एकही नाही? आता मला तिचा चेहरा आठवावा लागणार. आतापासूनच नीट आठवत नाही.”

ताईंनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे त्या बघत तशा, जरा तिरकं. दोघींच्या मनात एकच आलं होतं. जुनं कार्ड त्या दिवसापासून पालथंच होतं.

मी ते आणलं. ताईंनी मान हलवली आणि मी ते लावलं. आत सगळ्यात आधी वाढदिवसाचा फोटो होता.

अंगणातलं दुपारचं ऊन. भावंडं मागे उभी, पण ती एकमेकांत बोलण्यात गुंतलेली. म्हातारी मात्र सरळ समोर बघत होती. थेट, डोळ्यांत डोळे घालून, तोंडभर हसत, खूप दिवसांनी घरी आलेल्या माणसाकडे बघावं तशी. हाताची घडी सुटली होती. इतका जिवंत फोटो मी पाहिलेला नाही. तिच्या कानातली कुडी नुकतीच हललीय असं वाटत होतं. मागे शेवग्याच्या सावलीत आम्ही दोघी होतो, पाठमोऱ्या, डबीवर वाकलेल्या.

बेकरीवाल्याने संगणकाच्या पडद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे वाहत होते आणि तो ते पुसत नव्हता.

“हा मी काढलेला नाही,” ताई म्हणाल्या. “हे तुम्हाला कळलेलं बरं.”

“मग कुणी?”

“ठाऊक नाही. पण हा तुमचा आहे. माझं नाव नाही घालणार मी.”

त्याला तेवढं पुरलं असतं. पण तो पुन्हा वाकून बघू लागला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

“आई सरकून बसलीय,” तो म्हणाला.

खरंच होतं. म्हातारी बाकाच्या एका टोकाला होती. पिशवी खाली ठेवलेली, पदर आवरलेला. शेजारच्या रिकाम्या जागेवर तिने तळवा टेकला होता, ये, बस, असं म्हणावं तसा.

“बाबा गेल्यापासून तिने कुणाला जागा दिली नाही,” तो म्हणाला. मी छापून दिलेला फोटो छातीशी धरून तो जिना उतरून गेला. त्या दिवशी ताईंनी कार्ड पुसलं आणि उताणं ठेवलं.

ताईंनी काम थांबवलं. शेवटचं काम त्यांनी मला शेजारी उभं करून केलं. ते संपलं तेव्हा त्यांनी कॅमेऱ्यातलं कार्ड स्वतः काढलं, बोटाने सोनेरी पट्ट्या चाचपल्या, डबीत व्यवस्थित पालथं ठेवलं आणि कॅमेरा कपाटात ठेवून दार लावलं. त्यांनी आत दुसरं कार्ड घातलं नाही. मी ते पाहिलं. पण आता त्या कॅमेऱ्याचं काय काम राहिलं होतं? मला वाटलं, दमलेल्या माणसाने पागोटं काढून ठेवावं तसं ते आहे.

स्टुडिओ मी चालवू लागले. मी दोन कार्डांचा कॅमेरा घेतला. एक भरलं की दुसरं आपोआप सुरू होतं, मधे एक क्षणही मोकळा जात नाही. जुनं कार्ड डबीत होतं, उताणंच राहायचं. माझे फोटो ठीक येत. लोक चांगले म्हणत. पण भिंतीवर मी अजून ताईंचेच ठेवले होते.

लाकडी बाक ताईंनी घरी मागून घेतला आणि गॅलरीत टाकला. दिवसभर त्यावर मधोमध बसून त्या रस्ता ऐकायच्या. वाटाणे सोलायच्या. भावोजी शेजारी बसायला गेले तर त्यांना म्हणायच्या की तुमच्या अंगाला तेलाचा वास येतो, खुर्ची घ्या. आता त्या कुणाहीकडे सरळ बघत नसत. बोलताना मान जरा वळवून कानाजवळून बघायच्या. पण प्रकृती चांगली होती आणि जिभेला तर धारच चढली होती. मी सुखात होते.

मग काल सकाळी स्टुडिओत डबी उघडली तर ते कार्ड पालथं.

काल मला कामच नव्हतं. मी ते लावलं.

फोटो आमच्या गॅलरीचे होते. ताई बाकावर. वाटाणे सोलताना. डुलकी घेताना. केस विंचरताना, कंगवा दातांत धरून. एकाहून एक सुंदर. ताईंना कुणी इतक्या मायेने पाहिलं असेल असं मला वाटत नाही, मीसुद्धा नाही. प्रत्येक फोटो वेगळ्या दिवसाचा होता. पहिला, कॅमेरा कपाटात गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. इतके दिवस कार्ड उताणं होतं म्हणून मी ते उघडलंच नव्हतं.

कॅमेरा तेव्हापासून रिकामा होता. कार्ड काढलं होतं आणि दुसरं घातलंच नव्हतं.

फोटो हळूहळू जवळून काढल्यासारखे होत गेले होते. आधी दारातून. मग कठड्यापाशी. मग हाताच्या अंतरावरून.

शेवटचा त्याच सकाळचा होता.

त्यात ताई सरळ समोर बघत होत्या. मान वळवलेली नव्हती. डोळे थेट डोळ्यांत, आणि तोंडभर हसू.

मी कपाट उघडलं. कॅमेऱ्यात रिकामं कार्ड नीट बसवलं, झाकण लावलं, ते टक् करून बसल्याचा आवाज दोनदा ऐकला आणि तशीच जिना उतरून घराकडे पळत सुटले.

ताई गॅलरीत होत्या, बाकाच्या एका टोकाला. पाटी मांडीवर, वाटाणे अर्धे सोललेले. माझी पावलं ऐकून म्हणाल्या, “आज लवकर आलीस? पावलांचा आवाज तरी केवढा.” माझा जीव भांड्यात पडला. मी पुढे झाले आणि धापा टाकत त्यांच्या शेजारी, बाकावरच्या मोकळ्या जागेत बसायला वाकले.

त्यांनी माझा हात धरला.

“तिथे नको गं,” त्या हळूच म्हणाल्या. “तू खुर्ची घे.”